कासवांच्या कुरणात खुरपणी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, बायांनो. नंतर बशीतला चहा तोंडाला लावल्यावर हसाल, तर ठसका लागेल आणि पाठ मलाच थोपटावी लागेल.

माणसं घोटाळा करतात ते एकटेदुकटे, गुपचूप. मी केला तो अख्खी टोळी जमवून केला. दिवसाढवळ्या केला. वर शिरा खाऊ घालून केला!

आणि कुणाचा केला? पोटच्या पोरीचा.

माझी सुजाता. बाप तिचा लवकर गेला. मी रोजानं खुरपणी करून तिला शिकवली. मी स्वतः चौथी पास. म्हणजे एस्टीचा बोर्ड वाचता येतो, आणि कुणी खोटं बोलत असेल तर त्याचं तोंड वाचता येतं. पोरगी मात्र शिकत गेली, शिकत गेली, ती थेट एम.एस्सी.च झाली. आमच्या बुद्धवाड्यातली पहिली. मला वाटलं, आता ही खुर्चीवर बसणार, डोक्यावर पंखा फिरणार, मी डबा घेऊन जाणार आणि चपराशी मला "बसा मावशी" म्हणणार.

अहो, कसला पंखा! पोरीला नोकरी लागली ती गोदावरीत.

खरंच सांगते, पाण्यात! आमचं गाव ताडकळसच्या पुढं, नदीच्या अंगाला. गावाखाली एक डोह आहे, त्यात कासवं. ती कासवं खातात काय, जगतात कशी, कमी कामून व्हायलीत, हे बघायची एक योजना निघाली होती. तिच्यावर आमची सुजाता, हंगामी. रोज सकाळी साडी गुडघ्याला खोचायची आणि नदीत जाऊन उभी राहायची. वाकून बघायची, मोजायची, लिहायची. पुन्हा वाकायची.

गावाला तेवढंच पाहिजे होतं.

"काय गिरजाबाय, पोरीचं काय हरवलं का नदीत? रोज हुडकायली."

मी काय ऐकून घेणार? "हरवलंय की. तुझी अक्कल. सापडली की आणून देते."

तोंडानं असं बोलायची खरी, पण आत धाकधूक असायची. दिवस कसले होते ते तुम्हाला नव्यानं काय सांगायचं? विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन बसला होता आणि पाटी काही बदलत नव्हती. आज मोर्चा, उद्या बंद, एस्टी कुठल्या फाट्यावर अडेल त्याचा नेम नाही. आमच्या पोरापोरींनी चांगलं काम केलं तर ते कुणाला दिसायचं नाही. आणि एवढीशी चूक झाली की लगेच, "बगा, सवलतीतली!" म्हणून मी सुजाताला एकच सांगायची, "बाई, तुझ्या कामात कुसळ सापडता कामा न्हाई. लोकं डोळ्यांत तेल घालून बसलीत."

ती म्हणायची, "आई, माझ्या कामाची काळजी तू नको करू."

झालं! आईला काळजी नको करू म्हटलं की आई काय करते? हातात खुरपं घेते.

दिवाळी होऊन गेली होती. नदी उतरून पाणी नितळ झालेलं. सुजाता धावत घरी आली. मोठे साहेब येणार! कुठले? समुद्राकडचे. समुद्रातली मोठी कासवं वाळूत अंडी घालतात म्हणे, ती अंडी राखायची, पिल्लं निघाली की पाण्यात सोडायची, असं करत करत या साहेबांचे केस पांढरे झालेले. योजना त्यांच्या शब्दावर चालायची. त्यांना काम पसंत पडलं तर पोरीची नोकरी पुढं. नाही पडलं तर मार्चअखेर घरी, आणि गाव आहेच, "बगा!" म्हणायला.

"मी त्यांना आणायला परभणीला जायले, स्टेशनवर," सुजाता पिशवी भरता भरता म्हणाली. "आज मैत्रिणीकडं राहीन, उद्या दुपारी येतो आम्ही. तू फक्त नदीवर चक्कर मार. माझे चौकोन हायेत ना तिथं, त्यात म्हशी उतरू देऊ नको."

एवढंच सांगितलं होतं हो तिनं. म्हशी उतरू देऊ नको.

आता तुम्हीच न्याय करा. म्हैस मी एकसुद्धा उतरू दिली नाही!

संध्याकाळी नदीवर गेले. तोवर मी ते चौकोन लांबूनच बघितले होते. आमच्या जन्माला सकाळी रान आणि सांजेला चूल, नदीवर उभं राहायला वेळ कुणाला? जवळ जाऊन बघते तर काय, उथळ पाण्यात खुंट्या ठोकलेल्या, खुंट्यांना सुतळी ताणलेली, सुतळीचे चौकोन पाडलेले. बघितलं आणि ओळखलं. अहो, हे तर आमचंच काम!

तरुणपणी मी एका सरकारी फार्मवर रोजानं जायची. तिथं अशाच खुंट्या, अशीच सुतळी, आत गहू नाहीतर ज्वारी. आणि नियम एकच. सुतळीच्या आत तण दिसलं की हजेरी कट. तिथला साहेब मांडी घालून बसायचा आणि बोटानं माती चाचपायचा. माझ्या वाफ्यात त्याला कधी हराळीची मुळी सापडली नाही. टोळीत माझं नाव होतं ते त्याच्यामुळंच.

आणि इथं? काही चौकोन उघडे होते. त्यांतलं गवत कसं बारीक, बुडाशी कापलेलं. ते बघून बरं वाटलं. म्हटलं, पोरगी आईवर गेली. मग पलीकडं बघितलं तर बाकीच्या चौकोनांना तारेची जाळी लावलेली, आणि आत? आत बया, तण नुसतं माजलेलं! रिबिनीसारखी लांब हिरवी पात, पाण्यात झिंज्या सोडून डोलायली.

अर्धं काम केलं, अर्धं राहिलं, आणि साहेबाला दिसू नये म्हणून वर जाळी लावून झाकलं! माझ्या पोटी, गिरजाबाईच्या पोटी, असली कामचोर लेक?

मग स्वतःचीच लाज वाटली. एकटं लेकरू, रोज पाण्यात उभं राहून पाय पांढरे पडलेले. किती खुरपणार? थकली असेल. आईला सांगायची लाज वाटली असेल. शिकलेल्या पोरी तशा असतात, तोंड उघडत नाहीत.

तिथूनच सरळ चंद्राबाईच्या दारात गेले.

चंद्राबाई म्हणजे बुद्धवाड्यातली नव्हे, गावातली. दोन एकरांची मालकीण, पण आमच्या टोळीत खुरपायला यायची. नामांतरावरून अर्ध्या गावानं आमच्याशी बोलणं कमी केलं तेव्हा हिनं वाढवलं. कारण भांडायला माझ्याइतकं जोडीचं तिला कुणी मिळत नव्हतं.

"चंद्रे, उद्या इर्जिक हाय," मी म्हटलं. इर्जिक म्हणजे माहिताय ना, एकाच्या कामाला सगळ्यांनी हात लावायचा, रोज मागायचा नाही, जेवण घ्यायचं.

"तुझ्याकडं रान कुठं हाय इर्जिक घालायला?"

"नदीत."

चंद्राबाईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

सकाळी सगळ्या बाया खुरपी घेऊन हजर. पदर खोचले, उतरल्या पाण्यात. मी मुकादमीण. आधी त्या जाळ्या काढल्या, नीट घडी घालून काठावर ठेवल्या. माझं काम बेशिस्तीचं नसतं. मग ओळ धरली.

चंद्राबाई मध्येच कमरेवर हात ठेवून उभी. "गिरजे, एक सांग. ह्यात पीक कुठलं आन् तण कुठलं?"

"समदंच तण हाय."

"मग पीक?"

"पीक अजून पेरायचं असंल. आधी रान साफ नको का?"

"पाण्यात काय पेरणारेत ह्ये? कासवं?"

"पेरतील न्हाईतर लावतील! तुला काय करायचंय? तू वाक!"

बघा, देवानं नाही तर निदान चंद्राबाईनं तरी मला थांबवायचा प्रयत्न केला होता. पण ते गवत उपटायला इतकं सोपं, इतकं सोपं! हराळीसारखा झगडा नाही, कुंद्यासारखं खोल जाणं नाही. गाळात हात घातला की अख्खा झुपका मुळासकट हातात. बायांना चेव चढला. चौकोन झाले, तर म्हटलं बाजूचं कामून ठेवायचं? बांध साफ असला तरच रान साफ दिसतं. मग बाजूचंही काढलं. उघड्या चौकोनांतलं ते बारीक गवत होतं ना, त्याचंसुद्धा बूड ठेवलं नाही. हयातीत तितकी सफाईची खुरपणी मी केली नव्हती.

काठावर गवताचा हा एवढा ढीग! चंद्राबाई म्हणाली, माझ्या म्हशीला नेते. मी म्हटलं, ने. म्हैस काठावर आणून बांधली. नदीत उतरू दिली नाही. तेवढं मला आठवत होतं.

मग शिरा वाढला. बाया खात होत्या तेवढ्यात वाटेनं सुजाता आणि साहेब येताना दिसले. साहेब उंच, पांढऱ्या केसांचे, गळ्यात दुर्बीण. मी सगळ्यांना उठवलं, रांगेत उभं केलं, पदर सारखे करायला लावले. खुरपी हातात. मला वाटलं, साहेबाला कळू दे किती हात लागले ते.

सुजाता लांबूनच बोलत येत होती, "सर, जाळीतल्या गवताची वाढ आणि उघड्या गवताची वाढ यांतला फरक तुम्हाला लांबूनसुद्धा..."

आणि ती थांबली.

नदीकडं बघितलं. आमच्याकडं बघितलं. म्हशीकडं बघितलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

मला वाटलं, भरून आलं लेकराला! मी पुढं झाले. "जय भीम, साहेब. मी सुजाताची आई. बिनधास्त उतरा, बोटानं चाचपून बगा. मूळसुद्धा ठिवलं न्हाई!"

साहेब खाली बसले. दगडावर नाही, वाळूतच.

"हे... कोणी केलं?"

"आमी!" सगळ्या बाया एका सुरात. साहेबांचं तोंड बघून चंद्राबाईनं मात्र लगेच शेपूट जोडलं, "म्हंजी गिरजाबायच्या सांगण्यावरनं हं."

गद्दार! तोंडात माझाच शिरा होता तिच्या.

"आई," सुजाता म्हणाली. आवाज इतका बारीक की मला पहिल्यांदा भीती वाटली. "ते तण नव्हतं गं. तेच माझं काम होतं. उघड्या चौकोनात कासवं चरायची, म्हणून गवत बारीक होतं. जाळीत त्यांना जाता येत नव्हतं, म्हणून उंच होतं. तोच फरक मी मोजत होते. रोज. पावसाळा संपल्यापासून."

म्हणजे बघा! जे मी पोरीनं खुरपलेलं समजले, ते कासवांनी खाल्लेलं होतं. आणि जे राहिलेलं काम समजले, ते पोरीनं जिवापाड जपलेलं होतं.

"बरं, ते गवत कुठंय?" साहेबांनी विचारलं. अजून आशा होती बिचाऱ्यांना.

सगळ्या बायांनी म्हशीकडं बघितलं. म्हैस रवंथ करत होती, तिनं डोळे मिटून मान हलवली.

साहेब भला माणूस. ओरडले नाहीत. म्हणाले, "मावशी, समुद्राच्या तळालासुद्धा अशी गवताची कुरणं असतात."

"समुद्रात गवत?" मला राहवेना. "मग तिथं चरायला काय उतरतं?"

"कासवं. गाईसारखी चरतात. पण वरवरची पात खातात, मूळ ठेवतात. म्हणून नवी कोवळी पात येत राहते. त्या मुळांनी गाळ धरलेला असतो. त्या गवतात माशांची पिल्लं लपतात, झिंगे वाढतात. गवत गेलं की पाणी गढूळ होतं, मासे जातात, कासवं उपाशी मरतात. तिकडे आमच्या समुद्रात ट्रॉलर तळ खरवडत जातात आणि ते सगळं ओरबाडून नेतात. मला वाटलं होतं, गोदावरीत तरी ट्रॉलर नसेल."

"ट्रॉलर म्हंजी काय ओ?" चंद्राबाईनं विचारलं.

साहेबांनी आमची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. "तुमच्यासारखंच असतं. फक्त डिझेलवर चालतं."

सुजाता साहेबांना फाट्यापर्यंत सोडायला गेली. त्यांचं काय बोलणं झालं, मला कुणी सांगितलं नाही. रात्री जेवणावर मी विचारलं, "नोकरी गेली का गं?"

"मार्चपर्यंत हाय. तेव्हा सर परत येणारेत, तोवर गवत परत आलं पाहिजे."

बास. एवढंच बोलली. मला दुसरं काही विचारायचं धाडस झालं नाही. माझं! माझं धाडस झालं नाही, लिहून ठेवा. आणि हे जे एवढंच बोलली ना, त्यातच पुढचा घोटाळा होता. अर्धी गोष्ट मला कधी सांगू नये.

दुसऱ्या दिवशी सुजातानं नदीच्या वरच्या अंगाहून त्याच गवताचे जुडगे आणले. मी न बोलता पाण्यात उतरले. जन्मभर ज्या हातानं गवत उपटलं, त्या हातानं एकेक मुळी गाळात लावायला बसले. वाटेनं जाणारे थांबून थांबून बघायचे.

"गिरजाबाय, आमच्या रानात लव्हाळा कवा लावायला येतीस?"

"तुझ्या रानात लावायची गरज काय? तुझ्या रानात येतंय तेवढं तेच!"

म्हणाले खरी, पण कान तापले होते हो.

गवत लागलं. लावणी माझी, लागणार नाही तर काय? थंडी सरता सरता चौकोन हिरवे झाले. सुजातानं पुन्हा निम्म्यांना जाळ्या लावल्या, निम्मे उघडे ठेवले. आणि मी राखण सुरू केली. पहाटे उजाडायच्या आधी नदीवर, सुजाता आली की मी रानात, आणि सांजेला पुन्हा नदीवर. हातात गोफण. काठाला एक बुजगावणंसुद्धा उभं केलं, जुना सदरा घालून, वर मडकं.

सुजातानं बघितलं तर कपाळावर हात मारला. "आई, हे कशाला?"

"राखणीला."

"बरं, राहू दे," ती म्हणाली. वाळूच्या गाड्या हाकलायला, जाळं टाकणाऱ्यांना पिटाळायला आई आहे, यातच समाधान मानलं लेकरानं. आणि मी पिटाळलंही! माझ्या शिव्या ऐकून एक जाळंवाला जाळं सोडून पळाला.

पण सुजाता दिवसेंदिवस उतरत चालली. सारखी उघड्या चौकोनांपाशी वाकायची आणि मान हलवायची. मी म्हणायची, "काय झालं गं? किती छान वाढलंय!"

"तेच तर," ती म्हणायची आणि वही उघडायची.

मला काय माहीत तेच तर म्हणजे काय!

मार्च उजाडला. साहेब आले. आता मात्र मी रांग लावली नाही. बुजगावण्याच्या मागं दगडावर बसले, बोलायचंच नाही ठरवून. साहेबांनी पाण्यात उतरून बघितलं. गवत जाळीतलं उंच. आणि उघड्यावरचंही उंच! सारखंच. डोलायलं कसं झोकात. मला वाटलं, आता साहेब म्हणणार, वा!

साहेब म्हणाले, "सुजाता, म्हणजे कासवं गेली."

"हो, सर." तिनं वही मिटली. "गवत आलं, पण एक पातसुद्धा कुणी खाल्ली नाही. मी रोज बघते. डोहात कासवंच उरली नाहीत, असं वाटायलं."

"मग पुढं अभ्यास कशाचा करायचा?" साहेब हळू बोलले. "मी म्हणालो होतो तुला. गवत आलं आणि कासव चरताना दिसलं, तरच."

कासव चरताना? हे मला कुणी सांगितलं होतं का? तुम्हीच सांगा!

पण ते डोक्यात शिरायच्या आत पाण्यावर एक काळं नाक वर आलं. मग डोकं. मग पाटीएवढी पाठ. कासव! सावकाश पोहत उघड्या चौकोनाच्या कडेला आलं. साहेबांनी श्वास धरला. सुजातानं दोन्ही हात तोंडावर दाबले. कासवानं मान लांब केली, तोंड उघडलं, पातीला लावणार...

आणि माझा हात! हात काय माझं ऐकतो? इतक्या दिवसांची सवय. गोफण गरकन फिरली, ढेकूळ धप्पदिशी पाण्यात.

"हाड्! मेल्या, आज बी आलास व्हय!"

कासव बुडालं. पाण्यावर नुसते बुडबुडे.

बुजगावण्याचा सदरा तेवढा फडफडत होता.

साहेब वळले. "मावशी. आज बी म्हणजे?"

"रोजच येतंय की साहेब," मी सांगून टाकलं. आता लपवायचं काय? "पहाटे येतंय, सांजेला येतंय. एकटं न्हाई, त्याचं खटलंच हाय मोठं. कडेला टवका उडालेलं एक हाय, ते तर लय बेरकी. पण मी एकाचं बी तोंड लागू दिलं न्हाई. एक पात कमी झाली असंल तर बगा!"

"आई!" सुजाता ओरडली. "अगं, कासवांसाठीच तर लावलंय ते! कशाला हाकललीस?"

"मला काय माहीत? तू म्हणलीस, साहेब येईस्तोवर गवत आलं पाहिजे. पाहुणा जेवायच्या आधी लेकरानं लाडवाला हात घातला, तर हातावर मारतोच की आपण! मी म्हणलं, साहेबाला एकदा बघून जाऊ दे, मग खाऊ दे त्यास्नी खुशाल!"

साहेब पहिल्यांदा खोकले. मग त्यांना बसावं लागलं, पुन्हा वाळूतच. खांदे हलायले. मला वाटलं, रडायलेत. हसत होते हो! डोळे पुसत हसत होते. "सुजाता, डोह भरलेला आहे! यांनी उपाशी ठेवलाय नुसता!"

मग माझी गोफण जप्त झाली. मला म्हणाले, मावशी, त्या दगडावर बसायचं, हात मांडीखाली घ्यायचे आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. हातांचं जमलं. तोंडाचं मी कसं जमवलं ते माझं मला ठाऊक. ऊन कलतं झालं तेव्हा ते टवका उडालेलं आधी आलं. आलं ते सरळ माझ्याकडं बघत आलं, शपथ! ढेकूळ येत नाही म्हटल्यावर चरायला लागलं. कसं चरलं म्हणता! शेंडा तेवढा कुरतडायचा, बूड तसंच. त्याच्यामागं दुसरं आलं, तिसरं आलं. सुजाताच्या डोळ्यांतून पाणी वाहायलं आणि हात लिहायला. मी म्हटलं नाही काही. मांडीखालचे हात मुंग्या येऊन बधिर झाले तरी काढले नाहीत.

पोरीची नोकरी पुढं चालू झाली. साहेबांनी तिथंच, वाळूत बसूनच सांगितलं. मी उठून त्यांच्या पाया पडणार होते, पण ते म्हणाले, "तुम्ही जागच्या हलू नका, मावशी," म्हणून राहिलं.

मग त्यांनी सुजाताला शेवटचं विचारलं, "वर कळवायला लागतं म्हणून विचारतो. या डोहातल्या कासवांना धोका कुणाकुणापासून आहे?"

"वाळू उपसणाऱ्यांपासून, सर. जाळंवाल्यांपासून..." सुजाता थांबली आणि माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "सांग की! भितीस कुणाला? नाव घेऊन सांग! आई बसलीय तुझी हितं!"

"मोठ्या धोक्यापासून सांगायचं का, सर?"

"हो, तसंच सांग."

"मग आधी माझी आई लिहा."

आणि साहेबांनी लिहिलं हो! जसंच्या तसं वर कळवलं म्हणे, इंग्रजीत. पोरीच्या एवढ्या शिकलेल्या कामात आपलं नाव कुठंतरी यावं, असं कुठल्या आईला वाटत नाही? माझं आलं. वाळूवाल्यांच्या वर, जाळंवाल्यांच्या वर, एक नंबरला!